ओढा कोरडा असताना सांडपाण्याला परवानगी कशी द्यायची?

(ही या भागाची लिखित आवृत्ती. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे. आकडेमोड मात्र सावकाश वाचता यावी म्हणून थोडी सविस्तर लिहिली आहे.)

आजचा विषय जरा वास येणारा आहे, पण जेवताना ऐकत असाल तरी चालेल, मी सांभाळून बोलतो. विषय आहे गावाचं सांडपाणी आणि ते ओढ्यात, नदीत किंवा जमिनीवर सोडायला लागणारी सरकारी संमती. सगळे तिला 'कन्सेंट'च म्हणतात, मीही तेच म्हणतो.

मी पेशानं सॉफ्टवेअरवाला, पर्यावरण अभियंता नाही. पण माझं गाव पिंपळी, बारामतीहून इंदापूरकडे जाताना काटेवाडीच्या अलीकडे लागतं ते. बारामती वाढतेय तशी रस्त्याकडेच्या गावांत प्लॉटिंग वाढतंय, घरं वाढतायत. घराघरात नळ आला, मोरी आली, संडास आला. ही चांगलीच गोष्ट आहे. पण नळातून आत आलेलं पाणी कुठून तरी बाहेरही जाणारच ना! आमच्या भागात ते बहुतेक वेळा गटारातून ओढ्याकडे जातं. त्याच ओढ्याच्या कडेला विहिरी आहेत. त्यामुळे हा विषय मला कागदावरचा वाटत नाही.

आधी चुलत्यांचा प्रश्न

मागे घरी यावर बोलणं निघालं तेव्हा अण्णा, म्हणजे माझे चुलते, म्हणाले, "अरे, नव्या कॉलनीवाले तर म्हणतात पाणी मशिनमधून शुद्ध करूनच सोडणार. मग अडचण काय?"

मी विचारलं, "अण्णा, किती शुद्ध?"

"शुद्ध म्हणजे शुद्ध. त्यात किती काय?"

हा सगळा भाग या एका 'किती'वर आहे. शुद्ध केलेल्या सांडपाण्यात घाण शून्य नसते. ती ठरावीक आकड्याच्या खाली आणलेली असते. तो आकडा कोण ठरवतं, कशावरून ठरवतं आणि तो पाळला जातोय हे कोण बघतं, याचं उत्तर ज्या कागदावर असतं तो कागद म्हणजे कन्सेंट. आम्ही सॉफ्टवेअरवाले ग्राहकाबरोबर एसएलए करतो, म्हणजे सेवा किती चांगली देणार याचा आकड्यांत लिहिलेला करार. कन्सेंट हा तसाच करार आहे, फक्त यात ग्राहक आहे ओढा. आणि ओढ्याला फोन करून तक्रार करता येत नाही.

कायदा काय म्हणतो

महाराष्ट्र या बाबतीत देशाच्या पुढे होता. केंद्राचा जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) कायदा १९७४ चा. त्याच्या आधीच, १९६९ मध्ये, आपल्या राज्यानं स्वतःचा कायदा केला होता आणि १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळही स्थापन झालं होतं. पुढे १९८१ मध्ये राज्यानं केंद्राचा कायदा स्वीकारला. आज जे चालतं ते त्याच कायद्यानं.

त्यातलं कलम २५ महत्त्वाचं. सांडपाणी बाहेर सोडणारा उद्योग असो वा प्रक्रिया केंद्र, ते उभं करण्याआधी मंडळाची संमती घ्यायची. पाणी नदीत सोडा, विहिरीत सोडा, गटारात सोडा किंवा जमिनीवर पसरवा, संमती हवीच. संमती दोन टप्प्यांत मिळते. पहिली उभारणीची, दुसरी चालवण्याची. अर्ज केल्यावर मंडळानं चार महिन्यांत काहीच निर्णय दिला नाही, तर संमती मिळाली असं मानलं जातं.

आता मला सगळ्यात आवडलेली व्याख्या. या कायद्यात 'प्रवाह' कशाला म्हणायचं? नदीला, हे उघड आहे. पण वाहत असलेल्या किंवा त्या वेळी कोरड्या असलेल्या ओढ्या-नाल्यालाही. नैसर्गिक असो वा माणसानं बांधलेला, कुठल्याही पाणीसाठ्याला. आणि जमिनीखालच्या पाण्यालाही! म्हणजे आमचा मे महिन्यातला कोरडा ठणठणीत ओढा कायद्याच्या नजरेत प्रवाहच आहे. आमच्या विहिरीचा झरासुद्धा. "ओढ्याला पाणीच नाही, मग प्रदूषण कशाचं?" असं कुणी म्हणालं, तर त्याचं उत्तर १९७४ पासून तयार आहे.

तीन हजार वस्तीचा हिशोब

चला, आकडेमोड करू. हे पिंपळीचे आकडे नाहीत, समजण्यासाठी घेतलेलं एक गाव आहे.

वस्ती ३,०००. जलजीवन मिशनप्रमाणे माणशी रोज ५५ लिटर पाणी. म्हणजे रोजचे १,६५,००० लिटर. त्यातलं साधारण ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडतं असं अभियंते धरतात. म्हणजे ढोबळमानानं १,३०,००० लिटर. दहा हजार लिटरचे तेरा टँकर, रोज, सणवार न बघता.

आता त्यातली घाण मोजू. तिचं सगळ्यात प्रचलित माप म्हणजे बीओडी. सोप्या भाषेत, पाण्यातली घाण खाऊन संपवताना जिवाणूंना किती ऑक्सिजन लागेल, ते माप. आपल्याकडे नमुना २७ अंश तापमानाला तीन दिवस ठेवून हे मोजतात. बीओडी जास्त, म्हणजे ऑक्सिजनची भूक जास्त. ही भूक भागते ओढ्यातल्या पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनवर, म्हणजे माशांच्या तोंडचा घास काढून.

कच्च्या सांडपाण्याचा बीओडी लिटरला २५० मिलिग्रॅम धरा. आपल्या गावाचा रोजचा एकूण बोजा होतो साधारण साडेबत्तीस किलो. प्रक्रिया करून तो लिटरला ३० मिलिग्रॅमवर आणला, तर उरतो ३.९ किलो. १० वर आणला, तर १.३ किलो.

३० आणि १० हे आकडे मी मनाचे घेतलेले नाहीत. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या १३ ऑक्टोबर २०१७ च्या अधिसूचनेत महानगरांसाठी बीओडीची मर्यादा २० आणि इतर भागांसाठी ३० ठेवली. हे राष्ट्रीय हरित लवादाला पटलं नाही. लवादानं ३० एप्रिल २०१९ च्या आदेशात १० ची कडक मर्यादा धरली आणि ती फक्त मोठ्या शहरांना नको, बाकी देशालाही लावा असं सांगितलं. म्हणून एखाद्या प्रकल्पाचा कन्सेंट हातात आला, की त्यात ३० लिहिलंय की १०, हे आधी बघायचं.

तो आकडा ओढ्याला झेपतो का?

समजा पावसाळा संपलाय आणि ओढा सेकंदाला दहा लिटर वाहतोय. विहिरीवरच्या मोठ्या मोटारीची धार डोळ्यांसमोर आणा, तेवढं. दिवसाचे होतात ८,६४,००० लिटर. ओढ्याचं पाणी बऱ्यापैकी स्वच्छ आहे, बीओडी २. आता त्यात गावाचं पाणी मिसळू.

कच्चं सोडलं, तर मिसळल्यावर ओढ्याचा बीओडी होतो साधारण ३४. काळं पाणी, वास, डास.

३० पर्यंत शुद्ध करून सोडलं, तर ५.७ च्या आसपास.

१० पर्यंत शुद्ध करून सोडलं, तर ३ च्या किंचित वर.

माणसानं अंघोळ करायच्या पाण्याला केंद्रीय मंडळाची मर्यादा ३ आहे. म्हणजे ३० चा आकडा नियमात बसला, तरी पोरांनी पोहण्याजोगा ओढा राहत नाही. १० चा आकडा पाळला, तर जेमतेम काठावर.

हे झालं वाहत्या ओढ्याचं. आता कॅलेंडर मार्चवर आणा. बारामती-इंदापूर पर्जन्यछायेतला भाग. ओढ्याचं स्वतःचं पाणी शून्य. वरच्या गणितात शून्य टाकलं की उत्तर सोपं होतं. तुम्ही ३० चं सोडलं, तर ओढ्यात ३० चं पाणी. १० चं सोडलं, तर १० चं. मिसळायला काहीच नाही. ओढा म्हणजे तुमचंच सांडपाणी, आणि ते हळूहळू मुरत शेजारच्या विहिरीकडे निघालंय.

हे १९७४ च्या कायदा करणाऱ्यांना माहीत होतं. कलम १७ मध्ये मंडळाची कामं दिली आहेत. त्यात असं आहे की एखाद्या प्रवाहात सोडायच्या पाण्याची मानकं ठरवताना कोरड्या दिवसांत त्या प्रवाहात कमीत कमी किती पाणी मिसळायला मिळतं, हे विचारात घ्यायचं. आणि जिथे तेवढंही पाणी मिळणं अशक्य आहे, तिथल्या माती-हवामानाला साजेशा, स्वस्त आणि भरवशाच्या पद्धती शोधायच्या. बघा, आमच्या दुष्काळी पट्ट्याचं वर्णनच जणू!

अमेरिकेत १९७२ च्या स्वच्छ जल कायद्याखाली छोट्या गावाच्या प्रक्रिया केंद्रालाही परवाना लागतो. तो जास्तीत जास्त पाच वर्षांचा असतो, आणि मसुदा लोकांसमोर ठेवून किमान तीस दिवस हरकती मागवतात. तिथली बरीच राज्यं परवान्याचे आकडे काढताना दहा वर्षांतून एकदा येणारा सर्वांत कोरडा आठवडा धरतात. म्हणजे प्रश्न तोच, की सर्वात वाईट दिवशी नदी काय सोसेल? आपल्या कायद्यात तो प्रश्न आहे. बहुतेक ठिकाणी उत्तर मात्र सगळ्यांना एकच छापील आकडा असं मिळतं.

मग छोट्या गावानं करायचं काय?

प्रत्यक्षात कन्सेंटच्या रांगेत दिसतात ते कारखाने, हॉटेलं, दवाखाने आणि वीस हजार चौरस मीटरपेक्षा मोठे गृहप्रकल्प. दहा-वीस गुंठ्यांचे तुकडे पाडून उभी राहिलेली वस्ती आणि जुनं गावठाण या रांगेत सहसा नसतं. त्यांचं पाणी मात्र त्याच ओढ्यात जातं. त्यामुळे परवानगीबद्दल बोलायच्या आधी पाणी कमी कसं सोडता येईल, हे बघायला हवं.

पहिला मार्ग शोषखड्डा. मोरीचं, अंघोळीचं, भांड्यांचं पाणी घराशेजारीच जिरवायचं. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघरी असे खड्डे केले, उघडी गटारं संपवली आणि डास हटवले. 'नांदेड पॅटर्न' म्हणून राज्यभर त्याचं नाव झालं. पण आमच्याकडे अडचण मातीची आहे. कॅनॉलपट्ट्यातली काळी, चिकण माती पाणी धड पीत नाही. शिवाय संडासाचं पाणी दाट वस्तीत जमिनीत सोडलं, तर विहिरीत नायट्रेट वाढतं. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि तान्ह्या बाळांना ते फार धोक्याचं. म्हणून संडासाचा शोषखड्डा विहिरीपासून लांबच हवा.

दुसरा मार्ग स्थिरीकरण तळी किंवा कर्दळीसारख्या झाडांचे वाफे. एकामागून एक तळ्यांतून पाणी सावकाश जातं, ऊन आणि जिवाणू काम करतात. वीज जवळपास लागत नाही. जागा मात्र लागते. गायरान असेल, तर जमतं.

तिसरा मार्ग यंत्रावर चालणारा एसटीपी. टाक्यांत ब्लोअरनं हवा सोडायची, जिवाणूंना जोमानं काम करू द्यायचं. जागा कमी लागते, पाणी छान निघतं. पण वीज चोवीस तास हवी, चालवणारा माणूस हवा, साचलेला गाळ उपसायला हवा. बिल्डर प्रकल्प सोसायटीच्या ताब्यात देऊन जातो, वीजबिल बघून कुणीतरी ब्लोअर रात्रीचा बंद ठेवतं, आणि काही दिवसांत टाकीतले जिवाणू मरतात. बाहेर मोटार चालू दिसते, पाणी वाहताना दिसतं, पण ते जवळपास कच्चंच असतं. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर चालू आहे, पण उत्तरं चुकीची देतोय.

पैशाचं काय? स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) च्या दुसऱ्या टप्प्यात सांडपाणी व्यवस्थापनासाठी पाच हजारांपर्यंतच्या वस्तीच्या गावांना माणशी २८० रुपयांपर्यंत आणि त्यावरच्या गावांना माणशी ६६० रुपयांपर्यंत तरतूद ठेवली होती. त्यातला ३० टक्के वाटा ग्रामपंचायतीनं पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून घालायचा. आपल्या तीन हजारांच्या गावाला हे होतात ८,४०,००० रुपये. एवढ्यात शोषखड्डे आणि साधी तळी होतील. यंत्राचा एसटीपी उभारून तो वर्षानुवर्षं चालवणं यात बसत नाही. म्हणून गावानं महागडं यंत्र मागण्याआधी पुढची दहा वर्षं ते कोण चालवणार, हे विचारावं.

आणि यापेक्षाही सरळ मार्ग म्हणजे कोरड्या महिन्यांत पाणी ओढ्यात सोडायचंच नाही. शुद्ध केलेलं पाणी साठवून झाडांना, चारा पिकाला द्यायचं. २०१७ ची मानकं जमिनीवर सोडायच्या पाण्यालाही लागू आहेत, त्यामुळे शेतात सोडलं म्हणजे नियमातून सुटलो असं नाही. पण पाण्याला तरसणाऱ्या भागात तेरा टँकर रोज वाया घालवणं हेही शहाणपणाचं नाही.

एवढी काळजी कशाला?

जानेवारी २०२५ आठवा. पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गुलियन बॅरे सिंड्रोम, म्हणजे जीबीएसचे रुग्ण एकापाठोपाठ एक सापडले. हातपाय लुळे पडले, काही जण व्हेंटिलेटरवर गेले. रुग्णांच्या तपासण्यांमध्ये कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आढळला आणि संशयाची सुई दूषित पाण्याकडे गेली. ही सगळी गावं शहराला चिकटून वेगानं वाढलेली. घरं आधी आली, पाण्याची आणि मैल्याची व्यवस्था मागून. बारामतीच्या कडेची गावं आज त्याच वाटेवर आहेत.

आणि पाणी थांबत नाही. आमच्या बाजूचे ओढे कऱ्हेला नाहीतर नीरेला मिळतात, कऱ्हा सोनगावला नीरेत जाते, नीरा नरसिंहपूरला भीमेत. आपण इंदापूरकर, बारामतीकर पुण्याला बोल लावतो की तुमचा मैला मुळा-मुठेतून भीमेत आणि आमच्या उजनीत येतो. ते खरंच आहे. पण आपल्या खालीही कुणीतरी पाणी पितंय.

कागद हातात आला की काय बघायचं

तुमच्या गावाजवळ कॉलनी, शाळा, मंगल कार्यालय किंवा एसटीपी होणार असेल, तर हे चार प्रश्न लिहून ठेवा.

१. रोज किती पाणी? कन्सेंटमध्ये घनमीटरमध्ये आकडा असतो. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर. तो प्रत्यक्ष घरांच्या संख्येशी जुळतो का, ते स्वतः गुणून बघा.

२. किती शुद्ध? बीओडी बघाच, पण मैल्यातल्या जिवाणूंचा आकडाही बघा. २०१७ च्या अधिसूचनेत तो १०० मिलिलिटरला १,००० च्या खाली हवा. विहिरीसाठी हा आकडा जास्त महत्त्वाचा.

३. कुठे सोडणार? 'बागेसाठी वापर' असं लिहिलं असेल, तर तेवढी बाग खरंच आहे का? आणि पावसाळ्यात बागेला पाणी नको असतं, तेव्हा ते कुठे जाणार?

४. कोण चालवणार? माणूस, वीज, गाळ आणि तपासणीचा खर्च कुणाच्या नावावर? ताबा बदलल्यावर काय?

हा कागद बघायचा हक्क तुम्हाला आहे. कलम २५ मध्येच म्हटलंय की मंडळानं संमतीच्या अटींची नोंदवही ठेवायची आणि त्या सांडपाण्याची झळ पोचणाऱ्या कुणालाही ती कामाच्या वेळेत बघू द्यायची. ओढ्याकाठी विहीर असलेला शेतकरी यात सरळ बसतो. नाही दाखवली, तर माहितीचा अधिकार आहेच. अटी मोडल्या जातायत असं वाटलं, तर कलम ४९ प्रमाणे मंडळाला साठ दिवसांची नोटीस देऊन सामान्य नागरिकही न्यायालयात जाऊ शकतो. पण त्याच्या खूप आधी ग्रामसभा आहे. तिथे हे चार प्रश्न इतिवृत्तात लिहून घेतले, तरी समोरचा माणूस उत्तरं शोधायला लागतो.

अण्णांना मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे त्यांना विचारायचं, की बाबांनो, मे महिन्यात तुमचं पाणी कुठं जाणार?"

बरोबर हेच विचारायचं. कॉलनीवाल्यांना विचारा, ग्रामपंचायतीला विचारा, मंडळालाही विचारा.

तुमच्या गावात शोषखड्डे किंवा तळी चालू असतील, आणि काळ्या मातीत ती कशी टिकली हे तुम्हाला माहीत असेल, तर मला नक्की कळवा. त्यावर वेगळा भाग करायचा विचार आहे. तोपर्यंत आपल्या विहिरीचं पाणी एकदा तरी तपासून घ्या. भेटू पुढच्या भागात.